टॅमॉक्सिफेन चालू असताना फळांच्या सालींची पूड द्यावी का?

गोव्यातल्या डिचोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आईच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, केमो संपली, आता रोग परतू नये म्हणून रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी चालू आहे. मामाने संत्रं, डाळिंब, पपनस आणि भिंडांच्या (कोकमाच्या फळांच्या) साली वाळवून, दळून बरणीभर पूड आणून दिली आहे. रोज सकाळी दोन चमचे, कोमट पाण्यातून. जोडीला मोबाईलवर संशोधनाच्या बातम्या पाठवल्या आहेत, की टाकाऊ सालींतल्या द्रव्यांनी कर्करोगाच्या पेशी मरतात. आई तीन आठवडे पूड घेते आहे. बातम्या खोट्या आहेत का, पूड चालू ठेवावी का, आणि आतापर्यंत घेतली तिने काही बिघडलं असेल का?

पूड आजपासून बंद करा. सोलकढी खुशाल चालू ठेवा. बातम्या खोट्या नाहीत, पण त्या तुमच्या बरणीबद्दल नाहीत. आणि तुमच्या आईच्या बाबतीत खरा प्रश्न साल कर्करोगाशी काय करते हा नाहीच. ती टॅमॉक्सिफेनशी काय करते, हा आहे. मी कर्करोगाच्या रुग्णांची औषधं तपासणारी फार्मसिस्ट आहे. कुठली गोळी कशाबरोबर चालते आणि कशाबरोबर बिनसते, हे बघणं माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी बातम्यांना त्यांचं श्रेय देऊ. साल हा फळाचा राखणदार असतो. कीड, बुरशी, ऊन सगळं तिच्यावरच आदळतं, म्हणून झाड आपली तिखट, कडू, तुरट रसायनं गरापेक्षा सालीत जास्त भरतं. संत्र्याच्या सालीत लिमोनीन, टँजेरेटिन, नोबिलेटिन. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन. मँगोस्टीनच्या जाड सालीत झँथोन गटातलं अल्फा-मँगोस्टिन. आंब्याच्या सालीत मँगिफेरिन. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर यातलं प्रत्येक द्रव्य टाकून पाहिलं गेलं आहे आणि पेशींची वाढ मंदावल्याचे, त्या मेल्याचे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत छापून आले आहेत. त्यात लबाडी काही नाही.

यातली दोन उदाहरणं तर आपल्या दारातलीच आहेत. भिंडाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळसर द्रव्य असतं. पेशीमध्ये पी३०० नावाचं एक एन्झाइम आहे. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं त्यांच्यावर ते रासायनिक खुणा चिकटवतं आणि त्या खुणांमुळे जनुकं चालू होतात. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्चमधल्या तपस कुंडू यांच्या गटाने २००४ साली दाखवलं की गार्सिनॉल या एन्झाइमला अडवतं. कर्करोगात जनुकांची चालू-बंद बिघडलेली असते, तेव्हा हा शोध महत्त्वाचा होता, आजही आहे. पण त्याच गटाने आदल्या वर्षी, २००३ मध्ये, त्याच पी३००ला अडवणारं दुसरं एक द्रव्य शोधलं होतं: ॲनाकार्डिक ॲसिड. ते येतं काजूच्या टरफलातल्या तेलातून.

काजूच्या कारखान्यात काम केलेल्या कुठल्याही बाईला त्या तेलाबद्दल विचारा. हातांची सालपटं निघतात, काळे डाग पडतात, म्हणून बोटांना तेल किंवा राख चोळल्याशिवाय त्या कामाला हात घालत नाहीत. ते तेल गाड्यांच्या ब्रेकमध्ये जातं, रंगांत जातं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात. आता बघा, कागदावर काजूचं टरफल आणि भिंडाची साल यांचा पुरावा एकाच तोलाचा आहे, एकाच प्रयोगशाळेतला, एकाच एन्झाइमवरचा. तरी कुणाचाही मामा काजूच्या टरफलाची पूड बरणीत भरून आणत नाही. म्हणजे पूड देताना आपण संशोधनावर विसंबून नसतोच. भिंड ओळखीचं, खाण्यातलं, आजीच्या हातचं, यावर विसंबून असतो. तो विश्वास सोलकढीपुरता रास्त आहे. कर्करोगाच्या औषधापुरता तो पुरावा होत नाही.

बशीतून माणसात येताना काय काय गळतं तेही सांगते. गार्सिनॉल पाण्यात विरघळत नाही. सोलं, म्हणजे भिंडाच्या वाळवलेल्या साली, पाण्यात भिजवली की लाल रंग उतरतो, आंबटपणा उतरतो. गार्सिनॉल मात्र बहुतेक सालीतच राहतं, जे आपण पिळून परसात टाकतो. पूड करून गिळली तर ते पोटात जाईल, पण पोटात जाणं आणि रक्तात पोचणं यात आतड्याची भिंत आणि यकृत असे दोन नाके आहेत. अशी तेलात विरघळणारी मोठी द्रव्यं पहिल्या नाक्यावर थोडीच आत घेतली जातात आणि जी जातात त्यांचं रूप दुसऱ्या नाक्यावर बदललं जातं.

डाळिंबाचं तर याहून गमतीचं आहे. प्युनिकॅलॅजिन हा इतका थोराड रेणू आहे की तो अख्खा रक्तात जवळजवळ जातच नाही. आतड्यात त्याचे तुकडे होऊन एलॅजिक ॲसिड निघतं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची द्रव्यं बनवतात. रक्तात जातात ती ही. आणि ती बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. काही माणसं कितीही डाळिंब खाल्लं तरी युरोलिथिन बनवतच नाहीत. म्हणजे ज्या प्रयोगात स्तनाच्या पेशींवर थेट प्युनिकॅलॅजिन ओतलं, तो प्रयोग अशा द्रव्याचा आहे जे तोंडावाटे घेतल्यावर स्तनापर्यंत त्या रूपात पोचणारच नाही. बातमी लिहिणाऱ्याला एवढ्या खोलात जायचं नसतं. आपण जायला हवं, कारण गिळणार आपली आई आहे.

माणसांवर काहीच झालं नाही असंही नाही. लिमोनीनवर अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एक नेटका अभ्यास झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्तनाच्या सुरुवातीच्या कर्करोगाच्या ४३ स्त्रियांना शस्त्रक्रियेआधी २ ते ६ आठवडे रोज २ ग्रॅम शुद्ध लिमोनीन दिलं. ते स्तनाच्या ऊतींत चांगलं साठलं, आणि गाठीतलं सायक्लिन डी१ हे पेशींना विभाजनाकडे ढकलणारं प्रथिन २२ टक्क्यांनी घटलं. पेशी किती वेगाने वाढताहेत हे सांगणारी केआय-६७ ही खूण मात्र लक्षणीय बदलली नाही. मला हा अभ्यास आवडतो, कारण तो जितकं सापडलं तितकंच बोलतो. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि त्यावरून कुणाचा रोग परतण्याचं टळलं असं कुणीही म्हटलेलं नाही.

आणि तुमच्या बरणीत लिमोनीन किती आहे? संत्र्याची साल उन्हात घातल्यावर अंगणभर जो वास सुटतो, तो मुख्यतः लिमोनीनचाच. साल कुरकुरीत होईपर्यंत त्यातलं बरंचसं उडून गेलेलं असतं. ज्या द्रव्याची बातमी होती ते हवेत गेलं, आणि उडून न जाणारी बाकीची द्रव्यं पुडीत दाट झाली. त्यांच्याकडे येतेच.

डाळिंबाची कथा अशी. लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ४६ पुरुषांना रोज डाळिंबाचा रस दिला. उपचारानंतर त्यांच्या रक्तातलं पीएसए, म्हणजे या रोगाचा माग दाखवणारं प्रोस्टेटचं प्रथिन, वाढत होतं. ते दुप्पट व्हायला आधी सरासरी १५ महिने लागत, रस सुरू केल्यावर ५४ महिने लागले. जगभर बातम्या झाल्या. पण तुलनेला नुसतं रंगीत पाणी पिणारा गट नव्हता. तसा गट घेऊन १८३ पुरुषांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला, तेव्हा डाळिंबाचा अर्क घेणारे आणि न घेणारे यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. न घेणाऱ्यांचाही दुप्पट होण्याचा काळ लांबला होता! रोगाची चाल अशी आपोआपही बदलते, म्हणूनच तुलनेचा गट लागतो. तोवर पॉम वंडरफुल या रसाच्या कंपनीने जाहिरातींतून आजारांबद्दल दावे केले होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये ते फसवे ठरवले आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय बहुतांशी कायम ठेवला. हा रस अख्खं फळ सालीसकट दाबून काढतात, म्हणजे सालीतली द्रव्यं त्यात भरपूर होती, हेही लक्षात घ्या.

आता टॅमॉक्सिफेन.

टँजेरेटिन हे संत्री-मोसंबीच्या सालीतलं द्रव्य. बशीत त्याने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ आणि आजूबाजूला घुसखोरी रोखली होती. टॅमॉक्सिफेनही रोखतं. मग दोन्ही एकत्र दिली तर परिणाम दुणावेल असं कुणालाही वाटेल, बेल्जियममधल्या संशोधकांनाही वाटलं. बशीत तसं दिसलंही. मग त्यांनी गाठी असलेल्या उंदरांना ते देऊन पाहिलं आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. नुसत्या टॅमॉक्सिफेनने गाठींची वाढ रोखली. पिण्याच्या पाण्यात टँजेरेटिन घातल्यावर टॅमॉक्सिफेनचा तो परिणाम पुसला गेला. नुसतं टॅमॉक्सिफेन घेणारे उंदीर साधारणपणे ५६ आठवडे जगले, दोन्ही घेणारे १४ आठवडे.

हे उंदीर होते, मात्रा मोठी होती. एक संत्रं खाल्ल्याने असं होतं, असा याचा अर्थ अजिबात नाही. संत्र्याच्या गरात टँजेरेटिन नगण्य असतं. पण ते साठलेलं असतं सालीत, ते लिमोनीनसारखं उडून जात नाही, आणि दळलेल्या सालीचे दोन चमचे रोज हा संत्रं खाण्याचा प्रकार नाही. जिथे बशीतला प्रयोग ‘हो’ म्हणाला आणि जिवंत शरीरातला ‘थांबा’ म्हणाला, अशी गोष्ट मी या गोळीवर असलेल्या बाईला मुद्दाम देऊ देणार नाही. कारण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात ५ वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पहिल्या १५ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. हजारो स्त्रियांवरच्या चाचण्या एकत्र करून काढलेला हा आकडा आहे. एवढीशी, २० मिलिग्रॅमची गोळी. ती स्वस्त आहे म्हणून आपल्याला तिची किंमत वाटत नाही, आणि मामाच्या बरणीची वाटते.

पपनसाचं आणखी वेगळं. १९९१ मध्ये कॅनडातल्या डेव्हिड बेली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर फेलोडिपिन ही रक्तदाबाची गोळी घेतली की रक्तातलं तिचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. कारण सापडलं ते फ्युरॅनोकुमारिन गटातली द्रव्यं. आतड्याच्या भिंतीत सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम औषधांचा काही भाग आत शिरण्याआधीच मोडून टाकतं. ही द्रव्यं त्या एन्झाइमला निकामी करतात, आणि नवं एन्झाइम तयार व्हायला दोन-तीन दिवस जातात. ग्रेपफ्रूट ही पपनसाचीच पोर, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून झालेली, आणि ही द्रव्यं पपनसातही आहेत, सालीत तर आहेतच. पॅल्बोसिक्लिब, लॅपॅटिनिब, इमॅटिनिब यांसारख्या कर्करोगाच्या कितीतरी गोळ्यांच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असं छापलेलं असतं. आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातं म्हणून ते वाचून सोडून देतात. चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळा-फुलांच्या माटोळीत टांगतो ते पपनस त्यातच मोडतं, हे रुग्णाला कुणी सांगत नाही.

टॅमॉक्सिफेनला मात्र उलट बाजूने बघावं लागतं. ही गोळी स्वतः फारशी काम करत नाही. यकृतात तिचं एंडॉक्सिफेन होतं आणि खरं काम ते करतं. हा बदल मुख्यतः सीवायपी२डी६ या एन्झाइमकडून होतो, सीवायपी३ए४चाही त्यात वाटा असतो. या यंत्रणेत रोज मुठीने काहीतरी टाकत राहणं म्हणजे डॉक्टरांनी नीट लावून ठेवलेला तराजू मुद्दाम हलवणं. माटोळी सोडवल्यावर आईने पपनसाच्या चार पाकळ्या खाल्ल्या म्हणून आभाळ कोसळत नाही. सालीची पूड रोज घेणं वेगळं.

मामा म्हणतील, पण यात अँटिऑक्सिडंट असतात. असतात. बीटा-कॅरोटीनही अँटिऑक्सिडंट होतं. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी केली. १९९४ मध्ये निकाल आला, तर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली दुसरी तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. गाजर खाऊन कुणाला काही झालेलं नाही. फळातून काढून, दाट करून, रोज दिलेली गोष्ट ही फळापेक्षा निराळी असते, एवढंच मामांना सांगा. या विषयावर वाद घालत बसू नका.

आता बरणीकडे येऊ, कारण माझी सगळ्यात रोजची काळजी रेणूंची नाही, बुरशीची आहे. तीन आठवड्यांपूर्वी म्हणजे ऐन पावसाळ्यात ही पूड झाली. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या हवेत ८५-९० टक्के दमटपणा असतो. पापड मऊ पडतात तिथे संत्र्याची साल काय वाळणार? अर्धवट वाळलेल्या सालींवर बुरशी धरते, आणि दळल्यावर ती डोळ्यांना दिसत नाही. ॲस्परजिलस जातीच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन तयार करतात, आणि अफ्लाटॉक्सिन यकृताचा कर्करोग करतं हे निःसंशय सिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं आहे. उकळत्या पाण्याने ते नष्ट होत नाही, कोमट पाण्याचा तर प्रश्नच नाही.

आपल्या जुन्या बायकांना हे नावानिशी ठाऊक नव्हतं, पण सोलं कशी करतात ते आठवा. एप्रिल-मेच्या कडक उन्हात, पुन्हा पुन्हा त्याच आंबट रसात बुडवून, मीठ लावून वाळवायची. आंबट, खारट आणि कोरडं, तिन्ही एकदम. बुरशीला जागाच नाही. पहिला पाऊस पडायच्या आत सोलं भरणीत गेली पाहिजेत हा हट्ट उगाच नव्हता. त्या रीतीतलं काहीही संत्र्या-डाळिंबाच्या सालीला मिळालेलं नाही.

दुसरं, ती साल आली कुठून. भिंडं आपल्या किंवा शेजारच्या कुळागरातली, म्हणजे बागेतली, असतील. पण म्हापशाच्या बाजारातली संत्री नागपूरकडची, डाळिंबं सोलापूर-नाशिककडची. डाळिंबावर हंगामात किती फवारण्या होतात ते त्या भागातल्या शेतकऱ्यालाच विचारा. परदेशातून येणाऱ्या चकचकीत संत्र्यांवर काढणीनंतर मेण आणि इमॅझॅलिल, थायाबेंडाझोल अशी बुरशीनाशकं लावलेली असतात. आपण साल टाकून देतो, म्हणून बऱ्याच अंशी वाचतो. इथे आपण गर बाजूला ठेवून नेमकी सालच दळली.

तिसरं यकृत. टॅमॉक्सिफेनवर काही स्त्रियांच्या यकृतात चरबी साठते, हे माहीत असलेलं आहे. भिंडाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड भरपूर असतं. आमसुलासारख्या मोजक्या वापरात ते निरुपद्रवी आहे, पिढ्यानपिढ्या आपण खातो. पण भिंडाच्याच कुळातल्या गार्सिनिया कॅम्बोजियाचा दाट अर्क वजन कमी करण्याच्या गोळ्यांत घालतात, आणि अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डाळिंबाच्या सालीतलं टॅनिन पोट बांधतं, म्हणून तर जुलाबावर ती उगाळून देत. तेच टॅनिन अन्नातलं लोहही बांधून ठेवतं, आणि केमो संपवलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच खाली असण्याची शक्यता जास्त.

एवढं सगळं बोलून सालींवरचं संशोधन व्यर्थ आहे असं म्हणायचं नाही. उलट, कर्करोगाची कितीतरी औषधं झाडांतूनच आली आहेत. व्हिनक्रिस्टिन दारातल्या सदाफुलीतून आलं. पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतल्या पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून. सत्तरीकडच्या रानांत, सगळ्या सह्याद्रीत, नरक्या म्हणून घाणेरड्या वासाचं झाड असतं. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं, १९७२ मध्ये आपल्या नरक्यातही सापडलं. लगोलग रुग्णांना देऊन बघितलं, तर लघवीतून रक्त, अनावर जुलाब, रक्तपेशी ढासळलेल्या. चाचण्या गुंडाळल्या. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान बनवली, ती १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ३० वर्षं! आज ती शिरेतून, शरीराच्या पृष्ठफळावर मिलिग्रॅम मोजून, रक्ताचे अहवाल बघून देतात. नरक्याचा काढा कुणी पीत नाही, पिऊही नये. (त्या झाडाची परदेशी मागणीपायी रानोमाळ जी तोड झाली, तो वेगळाच विषय.) भिंडाच्या गार्सिनॉलला असा रस्ता कधी मिळाला तर मला आनंदच होईल. आपल्याकडे मे महिन्यात आंब्या-फणसाच्या साली किती जातात कचऱ्यात, त्यातून एखादं औषध निघालं तर कुणाला नको आहे? पण ते बरणीतून निघणार नाही.

म्हणून एक साधी चाळणी लावा. अशी बातमी आली की तीन गोष्टी शोधा: प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, दिलं ते शुद्ध द्रव्य की साल, आणि मोजलं काय, प्रथिनाची पातळी की माणसाचं जगणं. बहुतेक बातम्या पहिल्याच प्रश्नाला थांबतात. आणि कुणी पैसे घेऊन ‘कर्करोग बरा करणारी’ पूड विकत असेल तर १९५४च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याखाली तशी जाहिरात करणं हाच मुळात गुन्हा आहे, कर्करोगाचं नाव त्याच्या यादीत आहे. तुमच्या मामाला हे लागू नाही, त्याने मायेने केलं आहे. त्याला बरणी परत करून तोंड पाडू नका. आईला दर आठवड्याला ताजी फळं आणून दे, म्हणावं. डाळिंबाचे दाणे, संत्रं, केळी, पपई, हंगामात मानकुराद आंबा, सगळं चालेल. सोलकढी, तिवळ (सोलांचं नारळाविना सार) चालेल. आमटीत दोन सोलं चालतील. सालीचं लोणचं जेवणात बोटभर चालेल. औषध म्हणून चमच्याने मोजून काही नको.

राहिला शेवटचा प्रश्न, तीन आठवड्यांत काही बिघडलं का. घाबरायचं कारण नाही. टॅमॉक्सिफेन शरीरात सावकाश साठतं आणि सावकाश उतरतं. त्याचं अर्धं प्रमाण उतरायलाच पाच ते सात दिवस लागतात, आणि उपचार वर्षांनुवर्षांचा आहे. गोळी एकही दिवस चुकवू नका. पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करून डॉक्टरांना पुडीबद्दल सांगा आणि यकृताची रक्ततपासणी, हिमोग्लोबिन करून घ्यायचं का ते विचारा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, उजव्या बरगडीखाली दुखलं तर त्याच दिवशी जा. पोटरी सुजली, एकाएकी धाप लागली, किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला तर तेही त्याच दिवशी. ही शेवटची तीन लक्षणं पुडीची नसतील, टॅमॉक्सिफेनची असू शकतात, पण घरी बसून ठरवायची नाहीत.

जाताना बरणी आणि आईच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्याही. फेलोडिपिन, सिम्व्हास्टॅटिन अशांपैकी काही असेल तर पपनसाच्या सालीने त्यांचं रक्तातलं प्रमाण चढलेलं असू शकतं. आई चक्कर येते, अंग दुखतं म्हणत असेल तर ते लगेच सांगा. आणि गरम वाफा येतात म्हणून किंवा मन खचलं म्हणून कुणी पॅरॉक्सेटिन वा फ्लुऑक्सेटिन लिहून दिलं असेल तर तेही दाखवा. ही दोन औषधं सीवायपी२डी६ला जोरात अडवतात, म्हणजे टॅमॉक्सिफेनचं एंडॉक्सिफेन होऊ देत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी म्हणून ती बहुतेकदा कर्करोगाच्या फाइलमध्ये चढतच नाही. मात्र ती स्वतःहून एकदम बंद करू नका. बदलून देण्यासारखी दुसरी औषधं आहेत, ती डॉक्टर देतील.